सिस्टर पाट्या खोट्या वाचतात

राजापूरच्या नदीकाठी एका जुन्या भिंतीवर पत्र्याची पाटी होती. आंगणे सिस्टरांनी तिच्यासमोर सायकल थांबवली, ओढणी कमरेला खोचली आणि शाळेत धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"या धक्क्याला पूर्वी गलबतं लागत असत. व्यापाऱ्यांची नावं सर्वांना ठाऊक आहेतच. ज्यांनी पाठीवरून पोती वाहिली, त्यांची नावं लिहायला पत्रा कमी पडला, त्याबद्दल दिलगीर आहोत."

समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या एका गृहस्थांनी आदरानं टोपी काढली. मी पुढे होऊन पाटी पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'येथे कचरा टाकू नये.'

"सिस्टर, असं काहीही लिहिलेलं नाही."

"मग लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चल गो पत्रके, हो पुढं."

पत्रक म्हणजे मी. माझे बाबा परळला छोटा छापखाना चालवतात. गिरणी बंद पडली तेव्हापासूनची प्रत्येक लढाई त्या छापखान्यात हरलेली आहे, पण छापलेली आहे. मी अक्षरओळख मोर्च्याच्या पत्रकांवरून केली आणि माझी पहिली बाराखडी 'निषेध'पासून सुरू झाली, असं सिस्टर सगळ्यांना सांगायच्या. "घरात मीठ संपलं तरी हिचा बाप आधी पत्रक काढतो, मग वाण्याकडे जातो." बाबा हसायचे. मी हसत नसे. जनतेला खोटं वाचून दाखवणं हा गुन्हा आहे, असं माझं मत होतं आणि ते मी प्रत्येक पाटीपाशी त्यांना ऐकवत असे.

सिस्टर आमच्या लालबागच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहायच्या, आम्ही दुसऱ्या. नाव कुसुम, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक. एका धर्मादाय संस्थेची डोळे तपासायची फिरती गाडी होती. तिच्यावर नर्स म्हणून त्या तीसेक वर्षं कोकणभर हिंडल्या. लग्न केलं नाही. "स्थळं आली होती," त्या सांगायच्या, "पण गाडी आधी सुटली." संस्थेनं नवी गाडी घेतली आणि जुनी निकालात काढली, तेव्हा निवृत्तीचे पैसे घालून सिस्टरांनीच ती उचलली. रुग्ण तपासायच्या बाकावर गादी आली. औषधांच्या कपाटात मसाल्याचे डबे आले. हत्यारं उकळायच्या जागी गॅसची शेगडी बसली, आणि मागच्या दाराला दोन सायकली टांगल्या गेल्या. बाहेरून नवा पांढरा रंग दिला, तरी कलत्या उन्हात 'मोफत नेत्रतपासणी' ही अक्षरं रंगाखालून वर येत. आतल्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता मात्र त्यांनी काढू दिला नाही. लोक घरात देवाची तसबीर लावतात. सिस्टरांच्या घरात वर मोठा 'ब' आणि खाली लहान लहान होत जाणारी अक्षरं.

त्यांचा एक नेम होता. जायचं ते नदीकाठच्या जुन्या गावालाच. गाडी नदीवर उभी करायची आणि गाव सायकलवरून बघायचं. "गाडी तुला गावाच्या बाहेर ठेवते," त्या म्हणायच्या. "सायकलवर बसलीस की म्हातारे विचारतात, कोणाची गो तू?" नदीच का, विचारलं तर म्हणायच्या, "नदीला पाटी लागत नाही. ऐकू येते." मी एका पाक्षिकासाठी जुन्या बाजारपेठांवर लिहीत होते. माझ्याकडे पाय होते, त्यांच्याकडे चाकं. अशी वाई झाली, संगमेश्वर झालं.

गाडी चालवायच्या त्यांच्या तऱ्हा चाळीत प्रसिद्ध होत्या. महामार्गाला लागलं की पुढे लाल एसटी मिळेपर्यंत थांबायचं, आणि ती मिळाली की तिच्या मागं मागं जायचं. ती थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. "एसटीवाल्याला प्रत्येक खड्डा नावानिशी ठाऊक असतो," हे कारण. एकदा अशा आम्ही एसटीमागून थेट डेपोत शिरलो होतो. संध्याकाळी पाच वाजले की गाडी बंद. "सरकारी नोकर सहाला सुटतो, मी पाचला. मला वरिष्ठ नाही."

सायकलवर मात्र मी पुढे, त्या मागे. "क्रांती पुढं, आरोग्य खातं मागं." आणि मी लाल कुडता घालायचा, ही सक्ती. आमच्या घरात मान निळ्याला. चैत्यभूमीला जाताना, जयंतीला, मोर्च्याला निळाच. मी निळा घालून आले की सिस्टर तोंड वाकडं करायच्या. "निळा नको गो, लाल घाल. शोभतो तुला." यावरून आमचे कडाक्याचे वैचारिक वाद झाले. लाल आणि निळ्याची युती का होत नाही यावर मी त्यांना महाडपासून माणगावपर्यंत बोलत नेलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "युती होवो न होवो, तू लाल घाल." मी घातला. म्हातारीच्या मनात चळवळीबद्दल आदर आहे, अशी माझी समजूत झाली.

त्या वर्षी पावसात गाडीचं छत गळलं आणि तक्ता भिजून फाटला. सिस्टर छापखान्यात आल्या. "अगदी जुना होता तसाच करून दे." बाबांनी काम माझ्याकडे दिलं, आणि मला खोडी सुचली. इतकी मोठी अक्षरं, इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर, आणि त्यांचा अर्थ काही नाही? ही जागा वाया घालवणं माझ्या तत्त्वात बसेना. वरचा 'ब' मी तसाच ठेवला. त्याखाली 'घ ता'. त्याखाली 'का य'. मग 'सा मी ल', मग 'व्हा'. मोर्च्यात फूटपाथवरच्या लोकांना आम्ही ओरडून सांगतो तेच: बघता काय, सामील व्हा! आणि अगदी तळाला, ज्या ओळीपर्यंत नजर पोचली तर माणूस गरुड समजावा, तिथे मी बारीक अक्षरांत छापलं: 'सिस्टर पाट्या खोट्या वाचतात.'

तक्ता चिकटवताना मी शेजारीच उभी होते. आता भडका उडणार. सिस्टर दोन पावलं मागे गेल्या, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, "छान. अगदी जुन्यासारखा."

मला वाटलं, ओळखून न ओळखल्यासारखं करताहेत. माझ्यावर कडी करताहेत. मी चार दिवस चरफडत होते.

राजापूरला निघालो तेव्हा एक नवी काळजी गाडीत बसली होती. सिस्टरांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती आणि नव्यासाठी डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायचे होते. त्यांचा पुतण्या विनय विरारहून मुद्दाम येऊन सांगून गेला होता, "आत्या, लायसन्स मिळालं तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही मिळालं तर गाडी भंगारात. बोल, कबूल?" सिस्टरांनी त्याच्या हातावर टाळी दिली होती. मला वाटेत म्हणाल्या, "डोळे तपासायचा तक्ता मला परीक्षा घेणार? मी तर त्याची आई." पण त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा हळू चालवत होत्या. एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि जाताना हात केला.

कचऱ्याच्या पाटीचा प्रसंग झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मग आम्ही बाजारातून हिंडलो. जांभ्याच्या पायऱ्या आल्या की सायकल खांद्यावर, उतार आला की जीव मुठीत. दुकानदार भिंतीवरच्या खुणा दाखवून कोणत्या वर्षी पुराचं पाणी कुठवर चढलं ते सांगत होते. सिस्टर खुणांना हात लावून उंची मोजत होत्या. "ही माझ्या छातीला. ही नाकाला. ही कोण उंच बाई होती?" एका शिंप्यानं दुकानातून उत्तर दिलं, "ती कपाळाची वो! त्या साली मी शिलाई मशीन माळ्यावर ठेवून तिच्यावरच झोपलो होतो." सोनावडेकर त्यांचं नाव, सत्तरीचे, बिनचष्म्याचे. सिस्टरांशी त्यांचं लगेच जमलं.

आम्ही गाडीपाशी परतलो तर ऊन कललं होतं आणि रंगाखालची अक्षरं वर आली होती. गाडीमागे वीस-पंचवीस माणसं रांग लावून उभी.

"डॉक्टर कधी येणार?" पुढच्या भाजीवालीनं विचारलं.

मी समजावू लागले की ही गाडी आता खाजगी आहे, लिहिलेलं जुनं आहे. सिस्टरांनी मला कोपरानं बाजूला सारलं. "डॉक्टर नाही, सिस्टर आहे. औषध मिळणार नाही. कोणाचा डोळा कामातून गेलाय तेवढं सांगेन. चालेल?" चालणार होतं. सिस्टरांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान झाला. मागची दारं उघडली, गाठी मारलेली जुनी दोरी काढून वीस फूट मोजले, तिथे भाजीवालीला उभं केलं. स्वतः तक्त्याच्या कडेला लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पाठीमागे हात नेऊन छडी बरोब्बर ओळींवर ठेवू लागल्या. मागे वळून बघायची त्यांना गरजच नव्हती. मी स्टुलावर बसून चिठ्ठ्या लिहीत होते.

"एक डोळा झाक. हे?"

"ब."

"शाबास. हे?"

"घ. ता."

"चुकलं," सिस्टर म्हणाल्या. "ग, र. जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवून घे हां बाय. लिही गो."

भाजीवाली गोंधळली. दुसरा आला. 'ब' बरोबर. 'घ ता' चुकलं. तिसऱ्या बाईनं 'का य' म्हटल्यावर सिस्टर हळहळल्या. "अरेरे. न, म. आणि वय काय तुझं?" पाचव्या माणसापर्यंत राजापूरला मोतीबिंदूची साथ आलेली होती. रांगेत कुजबूज सुरू झाली. एक जण बायकोला म्हणाला, "तरी मी सांगत होतो, तुला दिसत नाय म्हणून."

मला तिसऱ्यालाच कळलं होतं. एसटीच्या मागं मागं. पाच वाजता गाडी बंद. लाल कुडता. पाट्या. मी सिस्टरांना महाडपासून युतीचं राजकारण समजावत बसले होते आणि त्यांना रस्त्यावर फक्त माझी लाल पाठ दिसत होती! आणि खरं तेच बोलायचं म्हणून जगभर भांडणारी मी, चौथ्याची चिठ्ठी निमूट लिहिली. पाचव्याचीही लिहिली.

बोलले ते सोनावडेकर. कातरी कमरेला तशीच लटकत होती. दोरीच्या गाठीवर उभे राहिले आणि एक डोळा झाकून सावकाश सगळं वाचलं, "ब घ ता का य सा मी ल व्हा." तळाच्या ओळीपाशी ते किंचित थांबले, माझ्याकडे बघितलं आणि ती ओळ पोटात घातली.

"चुकलं," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या ओळीपासूनच."

"बाई," सोनावडेकर म्हणाले, "मी आजही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतो. तिथं 'घ'च हाय. तुम्ही वळून बघा."

सिस्टर वळल्या. तक्ता हातभर अंतरावर होता. त्या आणखी जवळ गेल्या, इतक्या की नाक कागदाला टेकलं. मग त्यांनी छडी खाली ठेवली.

"पत्रके," त्या म्हणाल्या, "फाड त्या चिठ्ठ्या." आणि लोकांकडे वळून, "मंडळी, तुमचे डोळे उत्तम आहेत. गावात एकच आंधळी आहे आणि ती मुंबईची पाहुणी."

मला वाटलं, आता लोक चिडतील. सोनावडेकर पुढे आले आणि त्यांनी छडी उचलली. "या. आता आमची पाळी. तिकडं गाठीवर उभ्या राहा."

सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली. भाजीवालीनं दंडाला धरून नेलं. "आमका दवाखान्यात धाडीत होतात ना? चला, झाका डोळा."

"हे?"

"ब," सिस्टर म्हणाल्या.

"शाबास! हे?"

सिस्टर थांबल्या. तोंड आपोआप उघडलं. "ग, र..."

"चुकलं!" पंचवीस जणांनी एका सुरात सांगितलं. नदीपलीकडचं कुत्रं भुंकलं. सिस्टर आधी रागावल्या, मग त्यांना हसू फुटलं, आणि मग हसता हसता दोरीच्या गाठीवरच खाली बसल्या.

रांग पांगल्यावर मी विचारलं. रागानंच विचारलं. "हजारो लोकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाठवलंत. स्वतः का नाही गेलात?"

"पाठवलं ना," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचा हात धरून सांगितलं, काही होत नाही. मला काय ठाऊक गो, काही होतं की नाही? मी कुठे कधी टेबलावर झोपले होते? पाट्यांचं काय घेऊन बसलीस. माझं सगळ्यांत मोठं खोटं ते."

"आणि लायसन्सचा डॉक्टर?"

"सगळ्या दवाखान्यांत तोच जुना तक्ता असतो. घडाघडा म्हणून दाखवणार होते."

"या रस्त्यावर माणसं चालतात, सिस्टर. मी स्वतः जाऊन सांगेन त्या डॉक्टरला."

"सांग," त्या शांतपणे म्हणाल्या. "नायतर तुझा तो लाल कुडता काय कामाचा." आणि गाडीची किल्ली माझ्या मांडीवर टाकली.

लालबागपर्यंत गाडी मी आणली. आयुष्यात फक्त बाबांच्या मित्राची मारुती चालवलेली, तेव्हा मीही एक एसटी गाठली आणि तिच्या मागं मागं आले. सिस्टर शेजारी बसून पाट्या वाचत होत्या. "पुढे वळण आहे, घाबरू नये. मागे वळण होतं, तेव्हा कुठे घाबरलात?" मी दुरुस्ती केली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर जाईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नव्हता. मी म्हटलं, "काही होत नाही." त्या म्हणाल्या, "खोटारडी." डॉक्टरना मात्र सूचना देत होत्या, आणि डॉक्टर "हो सिस्टर" म्हणत होते. काही आठवड्यांनी दुसरा डोळाही झाला.

एका सकाळी मी गॅलरीत दात घासत होते. गाडी चाळीच्या आवारात उभी, मागची दारं उघडी. सिस्टर काळा चष्मा कपाळावर सरकवून आवाराच्या टोकाला, नळापाशी उभ्या होत्या. वीस फुटांहून बरंच लांब. त्यांनी एक डोळा झाकला आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागल्या. ब. घ ता. का य. सा मी ल. व्हा. इथवर नळावरच्या बायकांनी घोषणा उचलून धरली होती. मग आवाज थांबला. मी खांबामागे झाले.

"'सिस्टर पाट्या खोट्या वाचतात,'" खालून आलं. "पत्रके! खाली ये मेले!"

मी गेले. त्यांनी माझा कान धरला, पण बोटात जोर नव्हता. कितीतरी वेळ नुसता माझा चेहरा बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुला चामखीळ आहे हे कोणी सांगितलं नाही मला."

लायसन्सच्या दाखल्याला मी बरोबर होते. डॉक्टरांच्या भिंतीवर तोच जुना तक्ता. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हा मला पाठ आहे. दुसरा लावा." दुसरा नव्हता. तेव्हा त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठीच्या कागदावर स्वतःच्या हातानं चार ओळी लिहायला लावल्या, कागद समोरच्या भिंतीला धरायला लावला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून त्या चार ओळी न अडखळता वाचल्या. डॉक्टरांचं अक्षर! विनयनं कबूल केल्याप्रमाणे तोंडातून शब्द काढला नाही. काढण्यासारखा शब्दच नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत टॉवरसाठी चाळ रिकामी करायची नोटीस आली. आम्ही संक्रमण शिबिरात गेलो. सिस्टरांनी तिथली खोली घेतली नाही. "माझं संक्रमण शिबिर चाकांवर आहे." नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये ती गाडी उंचीमुळे शिरणारच नाही, असं कोणीतरी सांगितलं, तर म्हणाल्या, "मग टॉवर ठेंगणा आहे." माझी सायकलही त्यांनी नेली. "येशील तेव्हा लागेल. आणि निळा घालून ये. आता चालेल." सोनावडेकरांनी राजापूरला दुकानामागची जागा गाडीसाठी मोकळी करून ठेवली होती.

निघाल्या त्या सकाळी मी नाक्यावर उभी होते. सिग्नलला गाडीच्या पुढे एक लाल बस होती. दिवा हिरवा झाला, बस हलली, आणि सिस्टर आता तिच्या मागं मागं रांगत जातील म्हणून मी सवयीनं घड्याळ बघितलं. तेवढ्यात गाडीचा उजवा दिवा लुकलुकला. रस्ता मोकळा होता. त्या पांढऱ्या धुडानं वळसा घेतला, बसच्या बरोबरीला आली आणि तिला सरळ मागे टाकून गेली. मागच्या दारावर दोन सायकली एकमेकींवर आपटत होत्या.

बसच्या ड्रायव्हरनं चिडून भोंगा वाजवला. गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, हातात सायकलची सुटी घंटी होती, आणि ती त्यांनी पूल चढेपर्यंत वाजवली.